झिलईखोलीतली जागा

"ओठ खाली ओढ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मैनावहिनीनं खालचा ओठ ओढला. बाईंनी बॅटरी मारून हिरड्या पाहिल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तू पण ये. तुझाही दाखव."

"मी आजारी नाही. मी हिच्यासोबत आली."

"तरी दाखव."

दाखवला. माझ्या हिरड्या गुलाबी निघाल्या. वहिनीच्या दातांच्या मुळाशी मात्र निळसर काळी रेघ होती, पेनानं आखल्यासारखी. मी तिच्या ताटात जेवणारी, तिच्या वाकळेत झोपणारी, पण ती रेघ मी कधी पाहिली नव्हती. आमच्याकडच्या बाया मिसरी लावायच्या. हिरड्या काळ्याच. कोण कशाला वाकून पाहतं?

"काम कुठे करता?"

"बरडगावच्या कारखान्यात," मी म्हटलं. "कुंड्या, फुलदाण्या, छपराची रंगीत कवेलू होतात तिथं. मी तयार माल फुटू नये म्हणून तणसात, धानाच्या पेंढ्यात, बांधते. ही झिलईखोलीत आहे. भट्टीत जायच्या आधी माल मोठ्या नांदेत, झिलईच्या पाण्यात बुडवतात ना, तिथं."

"त्या पाण्यात काय काय असतं?"

वहिनी पहिल्यांदा बोलली. "गारगोटीचा भुगा, पांढरी माती अन् शेंदूर."

"आणि ते कालवता कशानं?"

"हातानं. गुठळी रायली त कुंडीले फोड येते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघ बाळा, शेंदूर म्हणजे शिसं. विष आहे ते. तुझ्या पोटात कळा येतात त्या त्याच्याच. आधीची दोन गेली म्हणालीस, तीही त्याच्यानंच गेली असतील. आता हे पोटातलं ठेवायचं असेल तर त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकू नकोस."

 वहिनी लहान पोराला समजवावं तशा आवाजात म्हणाली, "बाई, शेंदूर देवाले लावतेत. देवाले लावते ते विष कसं राहीन?"

बाईंनी पेन पुन्हा उचललं.

बाहेर चिठ्ठी लिहिणाऱ्या कंपाउंडरनं सोबतच्या बाईचं, म्हणजे माझं, नाव विचारलं.

"कचरा."

"अहो, खरं नाव सांगा."

"हेच खरं आहे. कचराबाई. लिहायचं असेल तर लिहा."

हसा खुशाल. आमच्याकडे पोरं जगत नसली की पुढच्या पोराला असं नाव ठेवतात. जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवायचं आणि उचलून आणायचं, म्हणजे मृत्यूला वाटावं, हे तर टाकलेलं आहे, हे कशाला न्या! भावाच्या आणि माझ्या मध्ये आईची लेकरं गेली होती, आणि माझ्यानंतरही. किती, ते आई कधी बोलली नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही.

एस.टी.त मला बसवेना. जागा असून मी दांड्याला धरून उभी. वहिनी म्हणाली, "बाई, बसा ना. अन् हे घरी नोका सांगू."

"काहून नोको सांगू?"

"आत्याबाई म्हणतीन, काम टाळाचं म्हणून ढोंग करून रायली."

तिचं भय खोटं नव्हतं. हे तिसरं पोट. आईनं दिवाळीलाच सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं की हेही गेलं, तर वणीची मामाची पोरगी भाऊसाठी बघायची. भाऊ तेव्हा खाली मान घालून पोळी मोडत होता. माझा भाऊ रामदास भट्टीत कोळसा मारायचा. आगीपुढे बिनधास्त उभा राहणारा, पण आईपुढे त्याच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही.

मी नाही सांगणार म्हटलं आणि घराचा उंबरठा ओलांडल्याबरोबर सांगून टाकलं. माझा स्वभावच तसा. पोटात पाणी राहत नाही.

आई सुपात तूर पाखडत होती. ऐकताना तिचा हात थांबला नाही. माझं झाल्यावर म्हणाली, "डॉक्टरणीले शेंदूर काय समजते? म्या जलमभर त्या नांदेत हात घातले. मी मेली का?"

"तू नाही मेली. वहिनीच्या पोटातलं मरून रायलं."

"चूप!" सूप इतक्या जोरात आपटलं की तूर घरभर झाली. "देवाच्या शेंदराले विष म्हणते? जीभ झडन तुझी! परत हा शब्द या घरात काढला त याद राख."

आई तोंडाची फटकळ होतीच, मीही तिचीच लेक. पण त्या दिवशी सांडलेली तूर तशीच टाकून ती परसात निघून गेली. त्याचं कारण माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाही. मला वाटलं, म्हातारीला देवाचं लागलं.

झिलईखोलीत एक रीत होती. नांदेवरची जागा सासूनं सुनेला द्यायची. आमच्या आईची जागा वहिनीला मिळाली ती लग्नानंतर लगेच, आणि गावात त्याचा मान होता. शेंदराचा नवा कट्टा, म्हणजे पोतं, फोडला की पहिली मूठ गावाबाहेरच्या मातामायला जायची. कडुनिंबाखाली मांडलेला गोल दगड, त्यावर शेंदराची पुटं. ही मातामाय लेकरांची राखण करणारी. राहिलेला शेंदूर नांदेत. दुपारी त्या खोलीतल्या बायांना गुळाचा खडा मिळायचा, छातीत धूळ बसू नये म्हणून. तो त्या शेंदराच्या बोटांनीच खायच्या आणि वर बोटं चाटायच्या. हात धुवायचं कोणाला सुचायचं नाही. देवाचा शेंदूर, तो कशाला धुवायचा? सुट्टी झाली की उरलेला एकमेकींच्या कपाळाला लावायच्या. गरोदर बाईला तर मुद्दाम.

हे सगळं मी वर्षानुवर्षं पाहत आले होते. डॉक्टरीणबाईंकडून आल्यावर मला ते बघवेना. तणसात कुंड्या बांधता बांधता मी उठायची, झिलईखोलीच्या दाराशी जायची, परत यायची. दुपारी तांब्या घेऊन गेले आणि वहिनीच्या हातावर पाणी ओतायला लागले.

"अगं, नणंद भावजयीचे हात धुते!" बाया खिदळल्या. "कचरे, पाय बी धुऊन दे तिचे!"

"तुम्हीही धुवा. मरान सगळ्याच्या सगळ्या!"

"हे पोट्टी पागल झाली," एक जण म्हणाली आणि गुळाचा खडा तोंडात टाकला.

मी मिस्त्रीकडे गेले. देवाजी मिस्त्री माणूस वाईट नव्हता. मी म्हटलं, "मिस्त्री, वहिनीला तणसात घ्या. मी नांदेवर बसते."

"तू उद्या लगन होऊन जाशीन. मंग? जागा कोणाची?"

"तोपर्यंत तर बसू द्या."

"हे पाय कचरे, ते जागा तुह्या मायची, भागीरथाबाईची हाय. तिनं सुनेले देल्ली. आता काढाची त तिनंच काढाची. मी मंधात पडलो त साऱ्या सासवा माह्या घरावर येतीन."

म्हणजे फिरून फिरून भोपळे चौकात. सगळं आईच्याच तोंडावर अडलेलं. रात्री पाठ टेकली तरी डोळा लागेना. वहिनी शेजारी पोट धरून कण्हायची आणि मी विचारलं की म्हणायची, "काही नाई, बाई. उसण भरली."

त्यात तिचा नवस. बाळंतपण होईपर्यंत दर मंगळवारी मातामायला आपल्या हातानं शेंदूर चोपडायचा. कारखान्यातून फडक्यात बांधून आणलेला शेंदूर ती तेलात मळायची, मनगटापर्यंत हात माखून, तोंडानं पुटपुटत. माझ्या जिवाची नुसती तडफड. नांदेवरून मी तिला उठवू शकत नव्हते. निदान हे तरी थांबवावं म्हणून मी सोमवारी डब्यातला शेंदूर काढून उकिरड्यात पुरला. त्या जागी गेरू भरला. गेरू पडला मातकट, म्हणून त्यात हळद घातली आणि चिमूटभर चुना. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे कोणत्याही बाईला माहीत असतं. रंग बऱ्यापैकी जमला.

पहाटे दिव्याच्या उजेडात वहिनी मळायला बसली. "बाई, हा शेंदूर काही अलगच दिसून रायला."

"नव्या कट्ट्यातला असन."

"लय हलका लागते हाताले."

"मंग चांगलं आहे ना! लवकर आटप."

तिनं भाबडेपणानं मान हलवली आणि तो सगळा लेप दगडाला चोपडून आली.

एका उन्हात घोटाळा झाला. तेल मुरलं, हळद उडाली, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी होईपर्यंत मातामाय काळपट तांबडी पडली. वाळलेल्या रक्तासारखी, अगदी तशीच. कोण्या बाईनं पाहिलं आणि गावभर बोंब झाली. आम्ही कारखान्यातून येतो तर निंबाखाली ही गर्दी.

"मातामाय उतरली वो!"

"कोणाच्या हातचा लेप होता?"

"मैनाचा. अजून कोणाचा!"

"हात टेकले मायनं. नाई ठेवत ते लेकरू."

वहिनीनं दगडाकडे पाहिलं. ती तिथंच मातीत बसली, दोन्ही हात पोटावर, आणि एकच रट लावली, "गेलं वो बाई, गेलं, हे बी गेलं." मी तिला उठवायला गेले तर तिचं अंग घामानं गार. हे काय करून बसले मी? तिला वाचवायला गेले आणि भीतीनंच हिचं काही झालं तर?

तेवढ्यात आई आली. बाया बाजूला झाल्या. आईनं दगडावर अंगठा घासला, नाकाशी नेला, आणि मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिलं. जन्मभर झिलई कालवलेली बाई. तिला गेरू आणि हळद कळायला काय वेळ?

मला वाटलं, आता सगळ्या गावासमोर माझी धिंड.

आई बायांकडे वळली. "तेल जास्त झालं लेपात. म्हणून काळं पडलं. यात कायची मातामाय उतरते? घरी चुली नाईत का तुम्हाले?"

"पण भागीरथाबाई..."

"जाता का सांगू?"

गेल्या. वहिनीला भाऊनं धरून घरी नेलं. आईनं माझं मनगट पकडलं आणि मला नाल्याच्या काठाकडे ओढत नेलं. बाभळीच्या आड गेल्याबरोबर मुस्काटात दिली. डोळ्यांपुढे काजवेच चमकले.

"मार!" मी ओरडले. "अजून मार! पण तुझ्या नातवाले त्या खोलीतून काढ. तू नाई काढत, काहून का तुले नातू नोकोच! तुले वणीची सून पायजे. हे मेलं त तुझ्या मनासारखं होईन!"

आईनं पुन्हा हात उगारला आणि तो तसाच राहिला. मग ती खाली बसली.

"कचरे, तुही डॉक्टरीण खरी असन त माह्या लेकराईचं काय?"

मला उमगलं नाही. "कोणत्या लेकराईचं?"

"रामदास झाला तवा म्या कारखाना पायला बी नव्हता. तू झाली त्या वक्ती शेठच्या भावाभावात भांडण होऊन वरीसभर भट्टी बंद होती. तुम्ही दोघं जगले." ती नाल्यापलीकडे बोट दाखवत होती. तिकडे तान्ही पोरं पुरत. "मंधातले सारे तिथी हायेत. तुह्यानंतरचे बी. एक त चांगलं हसाले लागलं होतं. साऱ्याईनं सांगतलं, देवाची मर्जी. म्या मानलं. देवानं नेलं म्हटलं की रडता येते वो पोरी. आता तू म्हणते शेंदरानं नेलं. अन् शेंदूर कोणाच्या हाताचा? पदरात घेऊन पाजलं म्या त्याईले, याच हातानं तोंड पुसलं. मंग देवानं कायले नेलं म्हणू? म्याच मारले म्हण ना!"

तूर पाखडताना ऐकलं तेव्हापासून म्हातारी हा हिशेब मनात मांडत होती. आम्हाला वाटत होतं, ती वहिनीवर चिडली आहे.

मी तिच्याजवळ बसले. तिच्या पाठीवर हात ठेवला तर तिनं तो झटकला. "नोको करू तसं," म्हणाली. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथं बसून राहिलो. घरी आल्यावर ती जेवलीही नाही.

सकाळी कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा आई घरात नव्हती. मी आणि वहिनी पोचलो तर ती झिलईखोलीच्या दारात उभी, लुगड्याचा काष्टा खोचून.

"आत्याबाई, तुम्ही?"

आईनं वहिनीला हाताला धरून हापशीवर नेलं आणि नारळाच्या काथ्यानं, राखेनं तिचे हात घासायला लागली. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. वहिनी कळवळली, "आत्याबाई, रगत आलं!"

"येऊ दे."

हात धुऊन झाल्यावर तिनं वहिनीच्या कपाळावरचा शेंदूरही पदरानं पुसून काढला. मग मिस्त्रीला हाक मारली. "देवाजी, नांदेवर आजपासून मी बसतो. जागा माहीच होती. मैना तणसात बसन."

"काहून बापा? तुमचं वय काय अन्..."

"माही मर्जी. वयाचं तुले काय करायचं?"

वहिनी रडायला लागली. "आत्याबाई, विष हाय म्हणते ना ते? मंग तुम्ही काहून?"

"मी आता वाळलेलं लाकूड. माह्यात मराले काय उरलं?" आई म्हणाली. "जाय इथून. या दाराच्या आत पाय टाकला त तंगडी तोडीन."

आणि तिनं कोपरापर्यंत हात नांदेत घातले. त्या दिवशी दुपारी खोलीतल्या दोघी-तिघी बाया हापशीवर हात धुवायला आल्या.

वहिनीच्या कळा लगेच थांबल्या नाहीत. मी रोज उठता-बसता तिच्या तोंडाकडे बघायची, ती जरा वाकली की माझा जीव खालीवर. सातवा लागला, आठवा लागला. मातामायला कोणी काही चोपडलं नाही. वहिनी नुसतं पाणी घालून यायची. नववा भरल्यावर तिला मुलगी झाली. वितीएवढी, हाडाची काडी. पण रडली अशी, की भाऊ भट्टीवरून ऐकून पळत आला.

आता सगळं निवायला हवं होतं. पण आई त्या पोरीला घेईना. सुईणीनं पुढं केली तर बाजूला सरली. बारशाला पाळण्यापासून लांब दारात उभी. बायांची कुजबुज सुरू झाली. "म्हातारीले नातू पायजे होता." "एवढा कोंबडा झाकला, पण मनातलं उगवलंच." वहिनी ऐकून मुकाट्यानं डोळे पुसायची. भाऊ उठून भट्टीवर निघून जायचा.

मी आठवडा दात-ओठ खाऊन काढला. मग एका सकाळी आई कामाला निघाली होती, तेव्हा पोरगी उचलली आणि अंगणात तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"घे हिला."

"वेळ झाला. सर बाजूले."

"पोरगी झाली म्हणून? एवढं केलं तिच्यासाठी, अन् आता पोरगी म्हणून तोंड फिरवते? लाज वाटू दे जरा! घे म्हणते ना!" मी पोरगी तिच्या छातीशी ढकलली.

"आणू नोको जवळ!" आई किंचाळली आणि मागं सरली, दोन्ही हात डोक्याच्या वर धरून.

तेव्हा मी ते हात पाहिले. तळव्याच्या रेघारेघांत शेंदूर, नखांच्या मुळाशी शेंदूर. मनगटापर्यंतची कातडी घासून घासून सोललेली.

"राखेनं घासतो, रॉकेलनं घासतो," ती म्हणाली. "जात नाई वो. अन् तिले हात चोखाची खोड हाय. माह्या बोटाले तोंड लावलं त?"

वहिनी दारात येऊन उभी राहिली होती. ती आली, पोरगी माझ्याकडून घेतली आणि दोन्ही हातांवर आईसमोर उंच धरली.

आईनं हात पाठीमागं नेले. एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं. मग वाकली आणि पोरीच्या टाळूला नाक लावून कितीतरी वेळ तशीच राहिली.

"मैनावर गेली," ती म्हणाली.

भोंगा झाला आणि आई कामावर गेली.